भिंतीवरचा दाब, मोबाइलमधला दाब

हवेच्या दाबाबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ आहे, म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली. पुढची उत्तरं त्याच्या आधारानं वाचावीत.

प्रश्न : आमची चाचणी प्रयोगशाळा वागळे इस्टेटमध्ये सातव्या मजल्यावर आहे. भिंतीवरचा डिजिटल बॅरोमीटर परवा १००१.६ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) दाखवत होता. त्याच वेळी मोबाइलवरचं हवामान १००६ सांगत होतं. बॅरोमीटरचं कॅलिब्रेशन (प्रमाण उपकरणाशी ताडून तपासणी) होऊन चारच महिने झालेत, तरी पुरवठादार म्हणतो, "साहेब, मोबाइलशी जुळवून देतो." जुळवून घ्यावं का? आणि नोंदवहीत कुठला आकडा लिहायचा?
(प्रयोगशाळा प्रमुख, ठाणे)

उत्तर : जुळवून घेऊ नका. तुमचा बॅरोमीटर ठीक दिसतोय आणि मोबाइलही खोटं बोलत नाहीये. दोघं वेगवेगळ्या जागेचा दाब सांगतायत.

भिंतीवरचं उपकरण त्या खोलीतल्या, त्या उंचीवरच्या हवेचा दाब मोजतं. हवामान खात्याची गरज वेगळी असते. कुलाबा, पुणे आणि सुमारे १३५० मीटरवरचं महाबळेश्वर यांचे मोजलेले दाब तसेच नकाशावर मांडले, तर महाबळेश्वरला बाराही महिने 'कमी दाबाचा पट्टा' दिसेल. तो नकाशा वाऱ्यापावसाचा न राहता सह्याद्रीचा होईल. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब, ते ठिकाण समुद्रसपाटीवर असतं तर किती भरला असता, असा हिशोब करून सांगतात. मोबाइलवर येतो तो हा हिशोबाचा आकडा. त्यातही तो बहुधा जवळच्या विमानतळाचा किंवा संगणकी अंदाजातला असतो, तुमच्या गल्लीतला नाही.

आता तुमचेच आकडे ताडून पाहू. पाठ्यपुस्तकात 'दर ८.३ मीटरला १ हेक्टोपास्कल' असं असतं, पण ते १५ अंशांच्या कोरड्या हवेसाठी. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेची घनता कमी, त्यामुळे १ मीटर चढलं की दाब सुमारे ०.११२ हेक्टोपास्कलनं उतरतो, म्हणजे ९ मीटरला साधारण १. जमीन समुद्रसपाटीपासून ८ मीटर आणि तुमचं टेबल जमिनीपासून ३३ मीटर धरलं (औद्योगिक गाळ्यांचे मजले घरांपेक्षा उंच असतात), तर एकूण ४१ मीटर. ४१ गुणिले ०.११२ म्हणजे ४.६. १००६ मधून ४.६ गेले की उरतात १००१.४. तुमचा बॅरोमीटर १००१.६ दाखवतोय. ०.२ चा फरक कुणाच्याही खिजगणतीत नसावा.

पुरवठादारानं ४.४ ची भर घातली, तर कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावरची दुरुस्ती त्या क्षणी निकामी होईल, आणि हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण आकडा 'मोबाइलशी जुळतोय' म्हणून सगळे खूश असतील.

नोंदवहीत टेबलापाशी मोजलेला दाब लिहा, प्रमाणपत्रातली दुरुस्ती लावून, आणि शेजारी वेळ लिहा. वेळेचा आग्रह उगाच नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब समुद्रासारखा भरती-ओहोटी पाळतो. सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमारास वर, पहाटे ४ आणि दुपारी ४ च्या सुमारास खाली. आपल्याकडे हा फरक ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो, पावसाळ्यात जरा कमी. म्हणजे सकाळी लिहिलेला आकडा दुपारच्या चाचणीला वापरणं ही चूक जवळजवळ मोबाइलचा आकडा वापरण्याएवढीच मोठी. मोबाइलच्या चुकीवर सगळे तुटून पडतात, वेळेची चूक नोंदवह्यांमध्ये सर्रास सापडते.

एवढ्या फरकानं बिघडतं काय, ते कामावर ठरतं. मायक्रोपिपेट पाण्याच्या वजनावरून तपासत असाल तर काहीच नाही. पाच हेक्टोपास्कलमुळे येणारी चूक ०.०००५ टक्क्यांच्या आसपास, तराजूला ती दिसणारही नाही. पेट्रोलियम पदार्थांच्या ऊर्ध्वपातनात मात्र थर्मामीटरचं वाचन ७६० मिमी पाऱ्यावर आणावं लागतं : दुरुस्ती = ०.०००१२ × (७६० − दाब मिमीमध्ये) × (२७३ + तापमान). २०० अंशांपाशी ४.६ हेक्टोपास्कलची, म्हणजे साडेतीन मिमीची चूक सुमारे ०.२ अंशांची होते. अहवालात अर्ध्या अंशापर्यंत आकडा देणाऱ्याला ही परवडत नाही.

खोलीत हलका जादा दाब ठेवला असेल तर त्याची चिंता नको. १५ पास्कल म्हणजे ०.१५ हेक्टोपास्कल, सव्वा मीटर उंचीएवढा फरक.

प्रश्न : आपलं उपकरण जागेचा दाब दाखवतंय की समुद्रसपाटीचा, हे ओळखायचं कसं? लिफ्टनं खाली-वर नेऊन कळेल का?
(गुणवत्ता व्यवस्थापक, रबाळे)

उत्तर : लिफ्टनं कळणार नाही. उपकरणात एकदा ठरावीक उंची भरलेली असली, की ते मोजलेल्या दाबात तेवढीच भर घालत राहतं. त्यामुळे दोन्ही प्रकारांत आकडा मजल्यागणिक सारखाच उतरतो, ३ मीटरच्या मजल्याला साधारण ०.३४. लिफ्टमुळे सेन्सर जिवंत आहे एवढंच समजतं.

खरी परीक्षा सेटिंगमध्ये आहे. उंचीचा रकाना शोधा, तिथला आकडा टिपून ठेवा आणि ५०० मीटर भरून पाहा. दाब पन्नास-साठ हेक्टोपास्कलनं उडाला, तर दाखवला जाणारा आकडा समुद्रसपाटीचा. उंची ० केली की जागेचा दाब मिळतो. काही उपकरणांवर उंचीऐवजी 'ऑफसेट' असतो. तिथं प्रमाणपत्रातली दुरुस्ती आणि उंचीची भर एकाच रकान्यात मिसळलेली सापडते, आणि ती कुणी, कधी घातली हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. तो रकाना शून्य करा, दुरुस्ती नोंदवहीत हातानं लावा.

उंची मीटरभर अचूक कळण्याची गरज नाही. ५ मीटर चुकले तर अर्धा हेक्टोपास्कल चुकतो. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची जुनी पद्धत आहे. जवळच्या स्थानकावर ती दिसली तर तिथून सुरुवात करता येते.

प्रश्न : महाविद्यालयात जुना फोर्टिन (पाऱ्याचा) बॅरोमीटर आहे. परवाचं वाचन ७५८.० मिमी, सोबतच्या थर्मामीटरवर ३० अंश. हा 'निरपेक्ष' दाब समजून प्रात्यक्षिकात वापरतो. डिजिटल उपकरण १००४ हेक्टोपास्कल म्हणतं, आमचं गणित १०१०.६ येतं. समुद्रसपाटीची दुरुस्ती राहिली आहे का?
(भौतिकशास्त्र प्रयोगशाळा साहाय्यक, ठाणे)

उत्तर : समुद्रसपाटीशी याचा संबंध नाही. राहिल्यात त्या पाऱ्याच्या दोन दुरुस्त्या, आणि ठाण्यात त्या दोन्ही मिळून पन्नास-साठ मीटर उंचीपेक्षा जास्त भरतात.

पहिली तापमानाची. ७६० मिमी ही भाषा शून्य अंशावरच्या पाऱ्याची आहे. तापल्यावर पारा फुगतो, हलका होतो, आणि तेवढाच दाब तोलायला स्तंभ उंच लागतो. पितळेची पट्टीही लांबते, पण पाऱ्याच्या मानानं फार कमी. दोन्हींचा निव्वळ परिणाम अंशाला मिमीमागे ०.०००१६३. ७५८ गुणिले ३० गुणिले हा आकडा : ३.७ मिमी. ते वजा करा, उरले ७५४.३.

दुसरी गुरुत्वाकर्षणाची. प्रमाण मूल्य ९.८०६६५, आणि आपण १९ अंश अक्षांशावर, इथं साधारण ९.७८६. गुरुत्व कमी म्हणून पारा थोडा जास्त चढतो. फरक ०.२१ टक्के, म्हणजे आणखी १.६ मिमी वजा. उरले ७५२.७ मिमी. त्याला १.३३३२२ नं गुणलं की १००३.५ हेक्टोपास्कल. तुमचं डिजिटल उपकरण १००४ म्हणतंय, गुण्यागोविंदानं जुळलं.

वाचन घेताना क्रमही पाळा. आधी सोबतचं थर्मामीटर वाचा, कारण माणूस जवळ उभा राहिला की अंगाच्या उबेनं ते चढतं. मग खालचा स्क्रू फिरवून पाऱ्याचा पृष्ठभाग हस्तिदंती टोकाला नुसता टेकवा, टोक आणि त्याचं प्रतिबिंब भेटलं की थांबा. नळीवर बोटानं हलकी टिचकी मारा, म्हणजे काचेला चिकटलेला पारा मोकळा होतो. शेवटी व्हर्निअरची (सरकत्या सूक्ष्म पट्टीची) कड पाऱ्याच्या उंचवट्याच्या माथ्याला स्पर्श करेल अशी आणा, डोळा त्याच पातळीत ठेवून. पंखा बंद ठेवा. आणि पारा कधी सांडलाच तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच नको. खिडक्या उघडा, थेंब कागदाच्या कडेनं गोळा करा, फटींत गंधकाची पूड टाका.

प्रश्न : रोटरी इव्हॅपोरेटरच्या (कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्राच्या) कृतीत '−७०० मिमी' असं लिहिलंय. जानेवारीत छान चालणारी कृती जुलैत उकळून कंडेन्सरमध्ये उडते. पंप तोच, तापमान तेच.
(रसायनशास्त्रज्ञ, तुर्भे)

उत्तर : पंपावरचा गेज (दाबमापक) आजूबाजूच्या हवेपासून खाली मोजतो. 'निरपेक्ष' या शब्दाचा इथला अर्थ पोकळीपासून मोजलेला दाब, आणि हवामान यंत्रावरच्या 'ॲब्सोल्यूट' बटणाचा अर्थ समुद्रसपाटीवर न आणलेला दाब. शब्द एक, भांडणं दोन.

मुंबई-ठाण्यात जानेवारीत हवेचा दाब १०१३ च्या आसपास, म्हणजे ७६० मिमी, आणि भर पावसाळ्यात १००४ च्या आसपास, ७५३ मिमी. −७०० वर फ्लास्कमध्ये जानेवारीत ६० मिमी उरतात, जुलैत ५३. पाणी ६० मिमीला साडेएकेचाळीस अंशांवर उकळतं, ५३ ला सव्वाएकोणचाळीसला. तुमचा बाथ आणि कंडेन्सर या दोन अंशांच्या कडेवर चालत असणार.

हीच कृती पुण्याला पाठवली तर गंमत बघा. तिथं हवाच सुमारे ७०९ मिमी. −७०० म्हणजे फ्लास्कमध्ये ९ मिमी, पाणी १० अंशांवर उकळायला लागेल. आणि कुणी '−७२०' लिहून पाठवलं, तर जगातला कुठलाही पंप तिथं ते करून दाखवू शकणार नाही, शून्याच्या खाली दाब नसतो. कृतीत उरलेला दाब लिहा, '६० मिमी निरपेक्ष' असा. निरपेक्ष गेज नसेल तर त्या वेळचा जागेचा दाब वाचून त्यातून ६० वजा करा, गेजवर तेवढं आणा.

प्रश्न : मुख्य प्रयोगशाळा महाप्यात, शाखा पुण्यात. पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचं मीटर दोन्हीकडे एकाच कार्यपद्धतीनं कॅलिब्रेट होतं. 'दाब हवामानाच्या संकेतस्थळावरून भरावा' असं त्यात आहे. महाप्यात विंक्लरशी (ऑक्सिजन मोजण्याच्या रासायनिक पद्धतीशी) जुळतं, पुण्यात मीटर अर्धा मिलिग्रॅम जास्त दाखवतं. प्रोब दोनदा बदलला.
(पर्यावरण चाचणी विभाग, नवी मुंबई)

उत्तर : प्रोबचा दोष नाही, त्या एका वाक्याचा आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर. संकेतस्थळ १००८ सांगेल तेव्हा तिथल्या टेबलावर ९४५ च्या आसपास असतं. २७ अंशांना ७६० मिमीवर हवेनं संपृक्त पाण्यात लिटरला सुमारे ७.९७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाण्याच्या वाफेचा दाब वजा करून हिशोब केला, तर ९४५ ला ७.४१ मावतो आणि १००८ ला ७.९३. तुम्ही मीटरला १००८ सांगता, तेव्हा ७.४१ असलेल्या पाण्याला ते ७.९३ म्हणायला शिकतं. फरक ०.५२, तुमचा अर्धा मिलिग्रॅम हाच. विंक्लर टायट्रेशनला दाब कळवावा लागत नाही, म्हणून ते खरं बोलतं.

बीओडीत (सांडपाण्यातले सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन खातात त्या मापात) सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनांची वजाबाकी असते, म्हणून चूक कटेल अशी समजूत दिसते. कटत नाही. मीटर सगळीच वाचनं जवळजवळ ७ टक्के फुगवतं, त्यामुळे वजाबाकीही ७ टक्के फुगते. २७ अंशांवर तीन दिवसांचा खरा बीओडी लिटरला २८.५ मिलिग्रॅम असलेलं सांडपाणी कागदावर ३०.५ होतं. नदी-नाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. कारखाना पास असून नापास.

महाप्यात हीच चूक रोज होते, फक्त ती ०.०४ मिलिग्रॅमपलीकडे जात नाही. समुद्रकाठी असल्याचा हा तोटा म्हणायला हवा : चुकीची सवय लागते आणि शिक्षा होत नाही. वाक्य बदला : 'मीटरशेजारी ठेवलेल्या, कॅलिब्रेट केलेल्या बॅरोमीटरवरचा जागेचा दाब भरावा, उपकरणाची उंची शून्य असल्याची खात्री करावी.' मीटर दाबाऐवजी उंची विचारत असेल तर ५६० भरा, पण मग समुद्रसपाटीचा दाब निराळा भरायला सांगतं का तेही पाहा. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती लागली तर चूक उलट्या दिशेनं तेवढीच होते.

पुण्याच्या शाखेत ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारा) असेल तर तोही याच नजरेनं तपासा. गेजवर १५ पाउंड म्हणजे ठाण्यात जवळपास १२१ अंश, पुण्यात १२० च्या किंचित खाली. तिथं दाबावर न जाता थर्मामीटरवर जा.

प्रश्न : रेडिओथेरपीत आयन चेंबरच्या (किरणांची मात्रा मोजणाऱ्या, हवा असलेल्या कुपीच्या) दुरुस्तीसाठी दाब लागतो. वरिष्ठ म्हणतात, जागेवरच मोजा. विमानतळाचा आकडा का चालत नाही?
(वैद्यकीय भौतिकीचा विद्यार्थी, खारघर)

उत्तर : वरिष्ठांचं ऐका. चेंबर हवेला उघडा असतो, आतल्या हवेचं वस्तुमान दाबाबरोबर बदलतं, आणि मोजला जाणारा विद्युतभार त्या वस्तुमानाच्या प्रमाणात. संदर्भ तापमान २० अंश असेल तर गुणक : (२७३.१५ + तापमान) ÷ २९३.१५ × १०१३.२५ ÷ दाब. दाबात १ हेक्टोपास्कल चुकला की मात्रा ०.१ टक्का चुकते, तापमानात १ अंश चुकला की ०.३४ टक्के. तापमान खोलीचं नाही, फँटममधल्या (रुग्णाच्या जागी ठेवलेल्या टाकीतल्या) पाण्याचं घ्यायचं. पाणी भरल्या भरल्या मोजू नका.

खारघरला तळमजल्यावर विमानतळाचा आकडा फार तर ०.१ ते ०.३ टक्के चुकवेल. पुण्यात ६ टक्क्यांहून जास्त, आणि वाईट दिशेला. दाब खऱ्यापेक्षा जास्त धरला की गुणक लहान येतो, मोजलेली मात्रा कमी वाटते, मग यंत्राची मात्रा वाढवली जाते आणि रुग्णाला जास्त किरण मिळतात. आणखी एक : दोन समुद्रसपाटीचे आकडे असतात. विमानतळाचा प्रमाण वातावरण धरून काढलेला, हवामान नकाशातला प्रत्यक्ष तापमान धरून. डोंगराळ जागी हे दोघंही आपसात जुळत नाहीत.

प्रश्न : घोडबंदर रोडला २१व्या मजल्यावर राहतो. घरच्या हवामान यंत्रावर 'आरईएल' आणि 'एबीएस' असे दोन दाब दिसतात. कोणता लावून ठेवू?
(निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : काका, 'आरईएल' म्हणजे समुद्रसपाटीवर आणलेला दाब, 'एबीएस' म्हणजे जागेचा. हवामान खात्याशी ताडून पाहायचं असेल तर 'आरईएल'. जमिनीसकट सत्तर-पंच्याहत्तर मीटर धरले तर दोन्हींत आठेक हेक्टोपास्कलचं अंतर असायला हवं. वारा शांत असताना सकाळी ८.३० ला सांताक्रूझ वेधशाळेचा समुद्रसपाटीचा दाब घ्या आणि त्याच वेळी 'आरईएल' तेवढा लावा. 'एबीएस'ला हात लावू नका. गॅलरीच्या दारापाशी जोरदार वाऱ्यात आकडा थरथरतो, तो दोष यंत्राचा नाही.

प्रश्न : बीएमपी २८० हा दाबाचा सेन्सर वापरून प्रकल्प करतोय. मोबाइलच्या जीपीएसची उंची घेऊन दाब समुद्रसपाटीवर आणला, तर सहा-सात हेक्टोपास्कल कमी येतो. सेन्सर खराब?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : सेन्सरची हमी ±१ हेक्टोपास्कलची आहे, सोल्डरिंगनंतर तो आणखी थोडा सरकतो, पण सहा-सात नाही. उंची तपासा. कच्ची जीपीएस उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि मुंबईच्या परिसरात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली साठेक मीटरवर आहे. ऐरोलीत तळमजल्यावर ही उंची उणे पन्नासच्या आसपास दिसेल, आणि उणे उंचीमुळे दाब वाढण्याऐवजी घटेल. तुमच्या कोडमध्ये नेमका कुठला आकडा येतोय ते छापून पाहा. उंची हातानं भरलेली बरी, टेबल काही रोज जागा बदलत नाही.